धायटीचा तांबडा कोश

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मागे टाकून तोरणमाळचा घाट चढू लागलं की फाल्गुनात डोळा आधी पळसावर जातो. पळस उंच, पानं झडलेला, आणि आभाळाच्या पाठीवर पेटलेला. त्याच्या पायाशी, रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथल्या मुरमाड दरडीवर, माणसाच्या उंचीची काही झुडपं उभी असतात. त्यांच्या लांब, वाकलेल्या फांद्या पेरापेरावर तांबड्या झुबक्यांनी माखलेल्या असतात. पळसावर कविता झाल्या. या झुडपाकडे पाहायला गाडी क्वचितच थांबते. ही धायटी. नंदुरबार जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि शहाद्याचा डोंगरपट्टा, ही तिची जुनी वस्ती आहे.

गाडी थांबवावी आणि एक फूल तोडून तळहातावर घ्यावं. लांबी जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, किंचित वाकलेली नळी, तोंडाशी सहा दात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि त्यांच्यासोबत एक लांब कुक्षिवृंत. आता पाकळ्या शोधाव्यात. नळीच्या दातांच्या मधोमध सहा बारीक, टोकदार, जेमतेम दिसणाऱ्या पट्ट्या सापडतील. त्याच पाकळ्या. ज्या तांबड्या नळीला आपण फूल म्हणतो ती पाकळ्यांची नाहीच. तो फुलाचा बाहेरचा कोश आहे. इतर फुलांत जो हिरवा राहून कळीला जपतो आणि मग विसरला जातो, त्याच कोशाने इथे रंग, आकार आणि मध ही सगळी कामं अंगावर घेतली आहेत.

हा कोश गळत नाही, आणि माझ्या मते धायटीचा सगळा इतिहास या एका गोष्टीपासून सुरू होतो. पळसाची पाकळी दोन दिवसांत जमिनीवर पडून काळवंडते. धायटीचा कोश मात्र परागण झाल्यावरही फांदीवरच राहतो, आतल्या लहानशा बोंडाला वेढून सुकतो, आणि सुकला तरी त्याचा तांबूसपणा पुष्कळ उरतो. म्हणून हे फूल आठवड्यांनी तोडलं तरी चालतं, अंगणात वाळवता येतं, पोत्यात भरता येतं, शेकडो मैल नेऊन महिन्यांनी विकता येतं. सातपुड्यातली किती फुलं बाजार पाहतात? मोह पाहतो, कारण त्याची पाकळी गोड आणि मांसल असते. धायटी पाहते, कारण तिचा कोश टिकतो.

डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट सगळ्यांनी पाहिला आहे. तोही न गळलेला कोशच. हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. डाळिंब आता वनस्पतिशास्त्रात धायटीच्याच कुलात, म्हणजे मेंदीच्या कुलात, धरलं जातं. तळ्यातला शिंगाडा याच घरातला, आपलं राज्यपुष्प ताम्हण याच घरातलं, सातपुड्याच्या उतारांवर साग-धावड्यासोबत उभा असणारा बोंडाराही याच घरातला. या मोठ्या घरात धायटीची खोली मात्र फार लहान आहे. वूडफोर्डिया या प्रजातीत जगभर मिळून दोनच जाती आहेत. एक आपली धायटी. ती मादागास्करपासून भारतीय उपखंडातून चीनच्या दक्षिण भागापर्यंत आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेली. दुसरी इथिओपिया आणि आसपासच्या ईशान्य आफ्रिकेत व अरबस्तानाच्या नैर्ऋत्येला वाढते. तिला नाव मिळालं युनिफ्लोरा, म्हणजे एकपुष्पी, कारण तिची फुलं आपल्या धायटीसारखी झुबक्यांनी लगडत नाहीत. दोघी बहिणींच्या मध्ये अरबी समुद्र आहे. त्यांचे पूर्वज कधी एकत्र होते आणि कसे वेगळे झाले, याचा विचार करत मी अनेकदा तोरणमाळच्या कड्यावर, यशवंत तलावापलीकडे, पश्चिमेकडे पाहत उभा राहिलो आहे.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. धावडा वेगळा आणि धायटी वेगळी. धावडा हा मोठा वृक्ष; त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. हिंदीत धावड्याला धावा, धौरा म्हणतात आणि धायटीला धवई. जुन्या कागदपत्रांत, विशेषतः घाईने लिहिलेल्या जंगल-याद्यांत, ही नावं एकमेकांत मिसळलेली दिसतात. पान हातात घेतलं की शंका उरत नाही. धायटीची पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, भाल्याच्या पात्यासारखी. वरून हिरवी, खालून पांढुरकी, आणि त्या पांढुरक्या बाजूवर सुईने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके. हे ठिपके ग्रंथींचे असतात. फुलं नसतील तेव्हा झुडूप ओळखण्याची हीच सोपी खूण.

संस्कृत वैद्यकाने हे झुडूप फार पूर्वी ओळखलं होतं. धातकी हे मुख्य नाव. आणि निघंटूंनी दिलेली पर्यायी नावं अशी की त्यांतून नाव देणाऱ्याची नजर कळते. ताम्रपुष्पी, म्हणजे तांब्याच्या रंगाची. वह्निज्वाला, म्हणजे आगीची जीभ. बहुपुष्पी, म्हणजे फुलांनी लगडलेली. यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवावं. ते पुढे एका इंग्रजाच्या हातून, त्याला ठाऊक नसताना, पुन्हा जन्माला येणार आहे.

युरोपीय शास्त्रात धायटी आली ती लिनियसकडून, १७५९ साली, लिथ्रम फ्रुटिकोसम या नावाने. फ्रुटिकोसम म्हणजे झुडूपवजा. नाव अचूक, पण त्यात रंगही नाही आणि आगही नाही. मग १७९५ मध्ये विल्यम रॉक्सबर्गने कोरोमांडल किनाऱ्याच्या वनस्पतींचा आपला देखणा ग्रंथ काढायला सुरुवात केली आणि त्यात हे झुडूप चित्रासह आलं. त्या ग्रंथातली चित्रं भारतीय चितारांनी काढलेली होती. रॉक्सबर्गचं नाव ग्रंथावर आहे. ज्यांच्या कुंचल्याने ही फुलं युरोपला दिसली त्यांची नावं पानांवर नाहीत. रॉक्सबर्गने धायटीला ग्रिस्लिया या अमेरिकेतल्या झुडपासाठी ठेवलेल्या प्रजातीत बसवलं आणि पुढे जोडलं टोमेंटोसा, म्हणजे लवदार. प्रजाती चुकली होती, पण नाव चांगलं रुळलं. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर लिहिणाऱ्या पहिल्या पिढीने, जॉन ग्रॅहमने १८३९ मध्ये आणि डाल्झेल व गिब्सन यांनी १८६१ मध्ये, हेच नाव वापरलं.

धायटी ग्रिस्लिया नव्हे, तिला स्वतःचं घर हवं, हे ओळखलं रिचर्ड अँथनी सॅलिस्बरीने. तो लंडनच्या आसपासच्या बागांत फुलणाऱ्या परदेशी झाडांवर पॅराडिसस लंडिनेन्सिस नावाचं सचित्र पुस्तक काढत होता. १८०६ मध्ये त्याने त्यात या झुडपासाठी नवी प्रजाती मांडली, वूडफर्ड नावाच्या एका वनस्पतीप्रेमी इंग्रजाच्या सन्मानार्थ वूडफोर्डिया, आणि जातीचं नाव ठेवलं फ्लोरिबुंडा. फ्लोरिबुंडा म्हणजे फुलांनी लगडलेली. निघंटूकारांची बहुपुष्पी. दोघांमध्ये शतकं आणि समुद्र. पण फाल्गुनातल्या फांदीकडे पाहून दोघांच्या मनात तोच शब्द आला. माझ्या दृष्टीने वनस्पतींच्या नामकरणातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

गिब्सनकडे थोडं थांबायला हवं, कारण त्याची पावलं खानदेशात पडली होती. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम त्याच्याकडे होतं. गावोगाव हिंडताना तो मराठी, गुजराती, हिंदुस्थानी शिकला आणि झाडं टिपू लागला. १८३८ मध्ये त्याच्याकडे पुण्याजवळची दापोडीची सरकारी बाग आली. तिथे तो औषधी वनस्पती लावून लष्करी दवाखान्यांना पुरवत असे. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगलं तुटली की झरे आटतात, असं तो सरकारला परोपरीने लिहीत राहिला. त्याच्या इशाऱ्यांत लाकूड होतं तसं पाणीही होतं, हे त्याच्याबद्दल आदराने सांगावंसं वाटतं.

तो हिंडत होता तेव्हाचा खानदेश शांत नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मुलूख कंपनीकडे आला, पण सातपुड्याच्या भिल्लांनी ते मान्य केलं नाही. बरीच वर्षं चकमकी चालल्या. १८२५ मध्ये कंपनीने धोरण बदललं. खानदेशात भिल्ल एजन्सी निघाल्या आणि धरणगावला जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. नंदुरबारच्या उत्तरेला काठी, चिखली, नाला, सिंगपूर अशा मेवासी जहागिऱ्या होत्या. त्यांच्या डोंगरात कंपनीचा हुकूम पोचता पोचता क्षीण व्हायचा. त्या काळात धायटीचं फूल कुणी तोडावं, हे विचारायला कुणी येत नव्हतं. काठीच्या राजवाडी होळीला डोंगरातून माणसं आजही रात्रभर चालत येतात. कंबरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या नाचतात. ज्या वाटांनी ते येतात, त्या वाटांच्या दोन्ही कडांना धायटी ऐन बहरात असते. होळी आणि तिचा मोसम एकच.

त्या वाळलेल्या कोशांना तेव्हाच्या बाजारात मोठी किंमत होती ती औषधापेक्षा रंगासाठी. कोशात टॅनिन भरपूर असतं. हिरडा तोंडात धरल्यावर जीभ ज्याने आखडते तेच तुरट द्रव्य. सुती कापडाला वनस्पतीचा रंग सहज धरत नाही. आधी कापड टॅनिनमध्ये भिजवायचं, मग तुरटीत, मग रंगात. तेव्हा तांबडा रंग धाग्यात मुरतो आणि धुतला तरी राहतो. त्या काळचा गावठी तांबडा रंग होता आलीच्या मुळांचा. आलीच्या मुळांत रंग भरायला तीन-चार वर्षं लागत, मग मुळं खणून, वाळवून, कुटून रंगाऱ्याकडे जात. त्या पातेल्यात आलीसोबत धायटीची फुलंही पडत. खारव्याचं जाड तांबडं कापड, पागोटी, लुगड्याचे काठ यांच्या रंगात सातपुड्याचा हा कोश मिसळलेला होता.

हा धंदा बुडाला तो जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेमुळे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी दगडी कोळशाच्या डांबरातून मंजिष्ठेचा तांबडा रंग, म्हणजे अलिझरीन, तयार करून दाखवला. दोन-तीन वर्षांत त्याचे कारखाने सुरू झाले, आणि शतक संपेपर्यंत हिंदुस्थानच्या रंगाऱ्याच्या घरात विलायती पुडी पोचली. चार वर्षं मुळं वाढवायची कुणाला गरज उरली नाही. आलीची शेतं मोडली. धायटीला शेत नव्हतं म्हणून तिचं काही मोडलं नाही. फक्त तिला विचारणारा रंगारी येईनासा झाला. मजुरी बुडाली ती वेचणाऱ्या बायकांची, आणि त्यांचा हिशेब कुठल्याही गॅझेटियरात नाही.

त्याच दशकात डोंगरावरचा हक्कही बदलला. १८७८ हे साल मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या दृष्टीने मोठं आहे. त्या एका वर्षात हिंदुस्थानचा वनकायदा आला आणि मुंबईचा अबकारी कायदाही आला. एका कायद्याने जंगल राखीव झालं, दुसऱ्याने दारू गाळणं सरकारच्या हातात गेलं. वनकायद्यात वनोपज म्हणजे केवळ लाकूड नव्हे. जंगलातली फुलं, पानं, फळंही त्यात आली. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पुढे नेली. धायटीच्या फांदीवरचा वाळका कोशही आता सरकारी मालकीचा होता. त्याला दप्तरी नाव मिळालं गौण वनोपज. गौण हा शब्द मला नेहमी टोचतो. उन्हाळ्यात घरात धान्य संपलेलं असताना, पावसाळ्याच्या आधी मीठ-मिरचीचे पैसे ज्या फुलांतून येतात, ती फुलं त्या घरासाठी गौण कशी?

इकडे कागदावरचं नाव पुन्हा सरकलं. १८७१ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या सुल्पिझ कुर्झ या जर्मन माणसाने लिनियसचा मूळ शब्द शोधून वूडफोर्डियाला जोडला आणि वूडफोर्डिया फ्रुटिकोसा हे आज मान्य असलेलं नाव तयार झालं. पण लंडनच्या क्यू उद्यानातल्या मंडळींचा कायदा निराळा होता. झाड ज्या प्रजातीत शेवटी बसलं, त्या प्रजातीत पहिल्यांदा मिळालेलं नाव धरायचं, असा त्यांचा दंडक. म्हणून १८७९ मध्ये क्लार्कने ब्रिटिश इंडियाच्या फ्लोरात सॅलिस्बरीचं फ्लोरिबुंडाच ठेवलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरातही तेच राहिलं. कुकचा ग्रंथ आपल्या वनविभागांत आणि महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, त्यामुळे फ्लोरिबुंडा आपल्याकडे फार टिकलं. एकच झुडूप, चार लॅटिन नावं. आणि खाली दरीत ते तोडणाऱ्यांसाठी सगळा काळ एकच नाव.

रंगाचा बाजार गेला आणि धायटीला औषधाच्या बाटलीने उचलून धरलं. वैद्यकात ती होतीच. चरकसंहितेत संधानीय गणात, म्हणजे जखम सांधणाऱ्या द्रव्यांत, तिचा समावेश आहे, आणि आसवं ज्या फुलांपासून करता येतात त्या दहा फुलांत कमळ-मोहासोबत धातकीही आहे. पूर्वी वैद्य आपल्या घरी घट भरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औषधं कारखान्यात होऊ लागली. पनवेलला धूतपापेश्वर १८७२ मध्ये सुरू झालं, पुढे बंगालमध्ये डाबर, केरळात कोट्टक्कल. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुटजारिष्ट या बाटल्या घराघरांत शिरल्या, आणि यांतल्या जवळजवळ प्रत्येक बाटलीच्या मागे धायटीचं पोतं असतं.

अरिष्ट करण्याची रीत पाहिली की हे फूल तिथे का लागतं ते कळतं. औषधी सालींचा, मुळांचा काढा करून गार करायचा. त्यात गूळ विरघळवायचा, कुठे मध घालायचा, वर सुगंधी द्रव्यांची पूड टाकायची आणि धायटीची फुलं टाकायची. मग घट किंवा लाकडी पिंप झाकून, तोंडाला मातीने लिंपलेलं कापड लावून महिनाभर ठेवायचं. काही दिवसांत आत फसफस सुरू होते. जाणता वैद्य कान लावून ती ऐकतो. जळती काडी तोंडाशी धरली आणि विझली, तर आत अजून आंबणं चालू आहे. जळत राहिली तर झालं. या आंबण्यातून जो मद्यार्क तयार होतो तो साधारण पाच ते दहा टक्के असतो, आणि तोच औषध वर्षानुवर्षं टिकवतो.

यात धायटी नेमकं काय करते? पिढ्यान्‌पिढ्या उत्तर असं होतं की ती विरजण आहे. नळीच्या तळाशी मध असतो, मधावर रानातलं किण्व वाढतं, ते वाळल्यावरही कोशात राहतं आणि गुळाच्या पाण्यात जागं होतं. हे पटण्यासारखं आहे, आणि धायटीच्या फुलांवरून किण्व वेगळं केल्याचे प्रयोगही झाले आहेत. पण १९९३ मध्ये डच आणि श्रीलंकन संशोधकांनी निंबारिष्टावर केलेल्या अभ्यासात चित्र थोडं निराळं निघालं. त्यांच्या नमुन्यांत मद्यार्क करणारे सूक्ष्मजीव धायटीतून आले नव्हते. फुलांनी साखर फोडण्याचं काम मात्र खूप वाढवलं होतं. म्हणजे किण्व कुठूनही येवो, त्याच्या पुढ्यात साखर मऊ करून ठेवण्याचं काम हे फूल करत होतं. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण तो परंपरेला खोटं ठरवत नाही. धायटीशिवाय घट नीट बसत नाही, हे वैद्याचं म्हणणं खरंच राहतं. कारण फक्त आणखी खोल जातं. त्याच सुमारास जपानमध्ये ताकाशी योशिदा आणि त्यांचे सहकारी या फुलांतली टॅनिनं एकेक करून वेगळी करत होते. त्यांना वलयाच्या आकाराचे मोठे, नवे रेणू सापडले, आणि त्यांना त्यांनी प्रजातीवरूनच नाव दिलं, वूडफोर्डिन. लंडनच्या एका बागप्रेमी माणसाचं आडनाव अशा रीतीने जपानी प्रयोगशाळेतल्या रेणूवर जाऊन बसलं.

आता पुन्हा सातपुड्याकडे. गेल्या दीडशे वर्षांत इथलं मोठं झाड किती गेलं, हे सांगायला आकड्यांची गरज नाही. धडगावच्या वाटेवर उघडे डोंगर पाहिले की पुरे. साग गेला, अंजन विरळ झाला. त्या उघड्या, धुपलेल्या उतारांवर जे टिकलं त्यात धायटी पुढे आहे. हे तिच्या स्वभावाला धरून आहे. तिला सावली नको, ऊन हवं. सुपीक माती नसली तरी चालते; खडकाच्या भेगेत, कोसळलेल्या दरडीवर ती रुजते. कुऱ्हाडीने छाटली किंवा वणव्यात जळाली तरी बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. तिची मुळं मुरूम धरून ठेवतात. जंगल उजाड झाल्याची खूण म्हणून काहीजण तिच्याकडे बोट दाखवतात; मला ती उजाडपणाला बांध घालणारी वाटते. आणि सकाळी आठ-नऊच्या सुमाराला त्या उतारावर बसावं: सूर्यपक्षी, आपले शिंजीर, फांदीला लटकून एकेका नळीत चोच घालत असतात. बाहेर आलेले पुंकेसर त्यांच्या कपाळाला परागाने माखतात, आणि ते त्या पिवळ्या कपाळाने पुढच्या झुडपावर जातात. डोंगरातली पोरंही तेच करतात. फूल तोडायचं, नळीचं बूड ओठांत धरायचं आणि मध ओढून घ्यायचा.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्या वेळेपर्यंत सातपुड्याच्या उत्तर कडेला दुसरं मोठं स्थित्यंतर चालू झालं होतं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं यायची होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून तळोद्याकडचं सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळं केलं गेलं. नर्मदेच्या काठच्या उतारांवरची धायटी पाण्यात गेली, तळोद्याकडची नांगराखाली. वरच्या डोंगरावरची राहिली. एखाद्या झुडपाचं दुःख माणसांच्या दुःखाशेजारी ठेवू नये, हे मला कळतं. पण जी माणसं खाली आली, त्यांच्या उन्हाळ्याच्या मजुरीत हे झुडूप होतं, आणि सपाटीवरच्या नव्या गावठाणात ते मिळत नव्हतं.

नवा जिल्हा झाल्यावर पाच वर्षांनी, २००३ मध्ये, डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांचा फ्लोरा प्रसिद्ध झाला. गिब्सन, डाल्झेल, कुक यांनी संपूर्ण इलाख्याची जंत्री केली. या दोन जिल्ह्यांतली झाडं मात्र इथल्याच एका प्राध्यापकाने, इथेच राहून, वर्षानुवर्षं पायी हिंडून नोंदवली. खानदेशाला आपल्या वनस्पतींचं स्वतःचं पुस्तक मिळालं ते असं.

कायद्यानेही काही पावलं मागे घेतली. १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांचा पेसा कायदा आला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने गौण वनोपजाची मालकी या क्षेत्रांत लोकांकडे सोपवणारा कायदा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. १८७८ मध्ये जी फुलं दप्तरात सरकारी झाली, ती कागदावर परत यायला एकशे अठ्ठावीस वर्षं लागली. पुढे केंद्राने वनोपजाला किमान आधारभूत किंमत जाहीर करायला सुरुवात केली आणि यादीत धायटीही आली. २०२० च्या यादीत वाळलेल्या फुलांना किलोमागे ३७ रुपये लिहिले आहेत. त्या यादीत तिचं लॅटिन नाव छापलं आहे वूडफोर्डिया फ्लोरिबुंडा. शास्त्रज्ञांनी केव्हाच बाजूला ठेवलेला सॅलिस्बरीचा शब्द सरकारी दरपत्रकात अजून जिवंत आहे. मला तो दुरुस्त व्हावा असं वाटत नाही. बहुपुष्पी म्हणणाऱ्याला तो आवडला असता.

एक किलो वाळलेली धायटी म्हणजे किती फुलं, हे एकदा वजनकाट्याजवळ उभं राहून पाहावं. पोतं फुगलेलं दिसतं आणि काटा हलत नाही. एकेका पेरावरून झुबका ओरबाडायचा, काटक्या-पानं निवडायची, उन्हात पसरायचं, संध्याकाळी पुन्हा गोळा करायचं. हे बहुतेक काम बायका आणि मुली करतात, आणि सकाळी लवकर करतात, ऊन चढायच्या आत.

एक गोष्ट तोडणाऱ्यांना ठाऊक असते, दर ठरवणाऱ्यांना फारशी नसते. कोश गळत नाही, म्हणजे बीही त्याच्याच आत असतं. फुलासोबत बोंड येतं आणि बोंडासोबत पुढचं झुडूप. डोंगराची सगळी फुलं पोत्यात गेली तर त्या वर्षी दरडीवर नवं काही रुजत नाही. जुने बुंधे तेवढे फुटत राहतात. म्हणून जाणती बाई उंचावरच्या फांद्या सोडते. हात पोचत नाही हे एक कारण, पण हात पोचला तरी ती टोकं सोडते. वैशाखात त्या टोकांवरचे कोश करडे-तांबूस होऊन कुरकुरीत होतात, आतलं बोंड फुटतं, आणि वारा आला की धुळीएवढं बी कोशाच्या तोंडातून झिरपत राहतं. पहिला पाऊस तोरणमाळच्या सात पायऱ्यांच्या घाटावर पडतो तेव्हा ते मुरमाच्या भेगेत आधीच जाऊन बसलेलं असतं.